कल्हई लावलेलं भांडं खोटं नसतं

जुन्या घड्याळांच्या संग्राहकांमध्ये एक सोवळं पाळलं जातं: केसला हात लावायचा नाही. पॉलिश केलेलं घड्याळ बाटलेलं, नव्याने मुलामा चढवलेलं तर थेट भंगार. मशीन उघडून तेल घातलेलं चालतं, स्प्रिंग बदललेली चालते, नवी काचही चालते; केस चकाकली की मात्र नाकं मुरडली जातात. हा नियम कुणाच्या घड्याळांसाठी झाला, हे एकदा विचारायला हवं.

तो झाला लिलावाच्या बाजारासाठी, आणि तिथे त्याला अर्थही आहे. महागड्या स्विस घड्याळाची केस बहुधा भरीव स्टीलची किंवा सोन्याची असते. बफ मारला की धातू जातो, पट्ट्याच्या कानांच्या कडा बोथट होतात आणि मूळ आकार सहजी परत येत नाही. पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. अशा घड्याळाचा प्रत्येक ओरखडा जपण्यात पैसा आहे.

आता हाच नियम शिराळ्यात आणून बघा. या भागातली कितीतरी माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्यांच्या मनगटावर, आणि गावाकडच्या नवरदेवांच्याही मनगटावर, एचएमटी आली. सरकारी एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळं बनवायला घेतली. त्यांतल्या अनेकांची केस पितळेची, वर क्रोमचा पातळ मुलामा. मागचं झाकण तेवढं स्टीलचं. वारणाकाठचा पाऊस, भाताच्या खाचरातला चिखल आणि घाम यांपुढे हा मुलामा किती टिकणार? तो उडतो, पितळ उघडं पडतं, हिरवं होतं, मनगटावर डाग पाडतं. या हिरव्या थराला ‘काळाची खूण’ म्हणून गोंजारायला सांगणाऱ्याने ते घड्याळ महिनाभर हातावर बांधून दाखवावं.

मुलामा हा मुळी झिजण्यासाठीच असतो. आपल्या घरांत हे ज्ञान जुनं आहे. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की कल्हईवाल्याकडे न्यायचं. कल्हई केलेलं पातेलं आजीचं राहिलं नाही, असं कुणी म्हटलं नाही. पण त्याच पातेल्यावर ठोक्यांनी घातलेलं नाव कुणी घासून काढलं नाही. कल्हई पुन्हा लावता येते, नाव गेलं की गेलं, हा विवेक घड्याळाच्या केसलाही पुरेसा आहे. जुना क्रोम उतरवून निकेल आणि वर पुन्हा क्रोम चढवता येतो. मागच्या झाकणावर कोरलेलं नाव, लग्नाची तारीख, निवृत्तीची भेट म्हणून घातलेली अक्षरं यांच्यावर मात्र बफ फिरू द्यायचा नाही. न्यूमनच्या घड्याळावरही त्याच्या पत्नीने गाडी जपून चालवायची सूचना कोरून घेतली होती.

यावर आक्षेप येतो ‘मुंबई स्पेशल’चा. पुन्हा रंगवलेली डायल, इकडचे-तिकडचे काटे आणि चकाकती केस जोडून असली घड्याळं अस्सल जुनी म्हणून विकली जातात. ही फसवणूक आहे, तिचा निषेध व्हायलाच हवा. पण इथे गुन्हा मुलाम्याचा नाही, लपवण्याचा आहे. विकणाऱ्याने काय बदललं ते लिहून द्यावं आणि घेणाऱ्याने त्याप्रमाणे किंमत द्यावी. खोटं बोलणाऱ्या व्यापाऱ्याचा राग वडिलांचं घड्याळ घालू पाहणाऱ्या मुलीवर काढण्याचं कारण नाही.

एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, आणि तेव्हापासून ही घड्याळं ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवू लागली. ती पेटीत जपणाऱ्यांनी खुशाल जपावीत, न वापरलेला नग मिळाला तर त्याला हातही लावू नये. पण जे घड्याळ चाळीस वर्षं मजुरीच्या वेळा सांगत आलं, ते पुढच्या पिढीच्या हातावर चालावं म्हणून त्याची केस दुरुस्त करणाऱ्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार संग्राहकांना कुणी दिलेला नाही. तालुक्याच्या गावातला घड्याळजी आधी विचारतो, “घालायचंय का ठेवायचंय?” संग्राहकांनीही नाक मुरडण्याआधी तेवढं विचारावं.