वीस प्रश्नांचे वर्ष

प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांतील संभाषणाचा सूर पालटतो. एका घरी पेढे येतात, दुसऱ्या घरी दार जरा लवकर लागते. त्या दुसऱ्या घरात रात्री जेवणे झाल्यावर एकच विषय निघतो : यंदा थोडक्यात हुकले, तर वर्षभर थांबून पुन्हा परीक्षेला बसावे काय? याला आज ‘ड्रॉप’ म्हणतात. शब्द वाईट आहे. त्याला गळतीचा वास येतो. वास्तविक जो मुलगा आपल्या उणिवा ओळखून पुन्हा अभ्यासाला बसतो, तो गळत नसतो, उभा राहत असतो. मात्र तो खरोखर उणिवा ओळखून बसला आहे की केवळ अपमान विसरण्यासाठी, हा खरा प्रश्न आहे, आणि नेमका तोच घरात विचारला जात नाही.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचे उदाहरण घ्यावे. २०२५ पासून तिचे स्वरूप पुन्हा जुन्यासारखे झाले : १८० प्रश्न, १८० मिनिटे, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. एखाद्या विद्यार्थ्याने १७० प्रश्न सोडविले, ११५ बरोबर आले आणि ५५ चुकले, तर त्याचे गुण ४०५ होतात. घरात हळहळ असते ती ‘शंभर गुण कमी पडले’ याची. शंभर हा आकडा डोंगराएवढा वाटतो. परंतु चुकलेला एक प्रश्न बरोबर आला की पाच गुणांचा फरक पडतो. म्हणजे शंभर गुण म्हणजे वीस प्रश्न! त्या वीस प्रश्नांसाठी अवघे वर्ष खर्ची पडणार असेल, तर ते कोणते वीस, हे आधी ठाऊक असायला नको काय?

ते कळण्याची सोय आहे. नीटची प्रश्नपत्रिका विद्यार्थी घरी आणतो. परीक्षा घेणारी संस्था, एनटीए, उत्तरपत्रिकेची प्रतिमा आणि उत्तरतालिका उपलब्ध करून देते. ती ५५ उत्तरे वहीत मांडून पाहिली की त्यांचे आपोआप गट पडतात. काही प्रश्नांची संकल्पनाच उमगलेली नसते. काहींचे उत्तर येत असूनही ‘चुकीचे विधान कोणते’ हे शब्द घाईत नजरेतून निसटलेले असतात. काही ठिकाणी तर शुद्ध अंदाज चाललेला असतो. चार पर्यायांत डोळे मिटून चार प्रश्न भरले, तर सरासरीने एक बरोबर येतो, तीन चुकतात आणि पदरी एक गुण पडतो. अंदाजाने शंभर गुण वाढत नाहीत. पहिल्या गटाला शिक्षक हवा, दुसऱ्याला घड्याळ लावून केलेला सराव हवा, तिसऱ्याला संयम. प्रत्यक्षात या तिघांवर एकच औषध दिले जाते : वर्गाचे शुल्क भरा आणि पहिल्या धड्यापासून सारे पुन्हा ऐका. आधीच येत असलेले भाग पुन्हा ऐकताना मन सुखावते, दिवस भरगच्च दिसतो, आणि न येणारे भाग पुढच्या मे महिन्यापर्यंत न येणारेच राहतात.

लातूरच्या रस्त्यांवर नांदेड, बीड, परभणीकडून आलेली अशी मुले जागोजागी दिसतात. त्यांच्या जिद्दीला उणे लेखण्याचे कारण नाही. खेड्यातील कित्येक घरांत पहिला डॉक्टर दुसऱ्या प्रयत्नातूनच घडतो. परंतु चौकाचौकांतील फलकांवर झळकणारे चेहरे कितव्या प्रयत्नातले आणि किती काळाच्या अभ्यासक्रमातले, हे फलक सांगत नाहीत. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहिरातींतून अशी माहिती लपविण्यास मनाई केली. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मध्येच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क परत मिळायला हवे. पावती घेताना किती पालक हे विचारतात?

सर्व परीक्षांचे नियमही सारखे नाहीत. जेईई मेन जानेवारी व एप्रिल अशी दोनदा होते आणि सरस गुण धरले जातात. राज्याची एमएचटी-सीईटीही २०२६ पासून दोनदा घेण्याचे शासनाने जाहीर केले. येथे दुसरी संधी वर्ष न गमावता मिळते; मात्र जेईईच्या दोन संधींच्या मधोमध बारावीची परीक्षा उभी असते. एनआयटीसाठी बारावीत साधारणतः ७५ टक्के अथवा मंडळातील वरच्या २० टक्क्यांत स्थान लागते. एप्रिलच्या मागे धावताना फेब्रुवारी निसटू नये. आयआयटीची जेईई अॅडव्हान्स्ड तर सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी ही मर्यादा तीनवर नेली गेली आणि १८ नोव्हेंबरला निर्णय मागे घेण्यात आला. त्या तेरा दिवसांत काहींनी हातचे महाविद्यालय सोडले होते. त्यांना सर्वोच्च न्यायालयाकडून दिलासा मिळवावा लागला. ज्यांच्या हाती देशाची तरुण पिढी आहे, त्यांनी इतक्या सहजपणे नियम फिरवावेत, हे क्षम्य नव्हे.

नीट मात्र वर्षातून एकदाच. प्रयत्नांना मर्यादा नाही, २०२२ पासून वयाची वरची अटही उरलेली नाही. दार कायम उघडे असणे ही सवलत खरी, पण त्यामुळे थांबायचे कोठे हे कोणीच सांगत नाही. दुसऱ्याचा तिसरा आणि तिसऱ्याचा चौथा प्रयत्न होतो. बरोबरीचे मित्र पदवीच्या उंबरठ्यावर येतात आणि हा मुलगा लग्नकार्याला जाणे टाळू लागतो. कोट्याहून येणाऱ्या बातम्या सर्वांनी वाचल्या आहेत. गुणांनुसार मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नका, असे सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२५ मध्ये सांगावे लागले. पण घरातही अशी तुकडी पडत असते. आत्येभावाचे गुण जेवताना काढले की ती पडते.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोललीच पाहिजे. मुलाचे गुण हुकले की अनेक घरांत वर्ष आपसूक दिले जाते. तितकेच गुण मुलीचे हुकले की बी.एस्सी.चा अर्ज आणला जातो; वय, खर्च, वसतिगृह ही कारणे अचानक आठवतात. गुणपत्रिकेवरचे आकडे तेच असताना निर्णय निराळा होतो, त्याला शैक्षणिक कारण नसते.

वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी एक संध्याकाळ आई, वडील आणि परीक्षा दिलेल्या मुलाने किंवा मुलीने ती प्रश्नपत्रिका व उत्तरतालिका पुढ्यात घेऊन बसावे. बोलावे त्या मुलानेच, इतरांनी ऐकावे. वीस प्रश्न हाती लागले, तर कोणत्या महिन्यात काय करायचे ते लिहावे, आणि त्याच कागदावर हा प्रयत्न शेवटचा की नाही, हेही त्याच संध्याकाळी लिहून ठेवावे. निकालाच्या रात्री ते ठरविण्याइतके शांत कोणीच नसते.