कुणाच्या दावणीला?



गोठ्यातली गाय विकली की घरात दोन प्रश्न निघतात. ‘किती आले?’ हा पहिला. ‘कुणाच्या दावणीला बांधली?’ हा दुसरा, आणि तो बहुधा घरातली म्हातारी विचारते. आमच्या वडिलांनी अडचणीपायी कपिला विकली, तेव्हा आजीने नोटांकडे पाहिलेसुद्धा नाही. घेणारा माणूस कसा आहे, चारापाणी नीट करील ना, एवढेच तिने विचारले होते.

असाच प्रश्न अमेरिकेतल्या एका बापाने आपल्या मुलाला विचारला. मुलाने विकली होती ती गाय नव्हे, कंपनी. पण त्या कंपनीचे सारे काम शेतकऱ्यांच्या शेताशी बांधलेले होते, म्हणून ही हकिगत आज सांगतो.

मुलाचे नाव डेव्हिड फ्रीडबर्ग. तो शेतकरी नव्हे. शिकला खगोलशास्त्र आणि नोकरी केली गुगल कंपनीत. सॅन फ्रान्सिस्को शहरात जाता-येता त्याला भाड्याने सायकली देणारे एक दुकान दिसे. पाऊस आला की ते बंद. त्याच्या मनात आले, पावसामुळे किती जणांचा धंदा बुडत असेल! या लोकांना पावसाचाच विमा का देऊ नये? २००६ साली त्याने सिराज खलिक या सहकाऱ्याबरोबर ‘वेदरबिल’ नावाची कंपनी काढली. अशा नव्या कंपनीला हल्ली स्टार्टअप म्हणतात.

सरकारने वर्षानुवर्षे ठेवलेल्या हवामानाच्या नोंदी त्यांनी संगणकात घातल्या. कुठे, कधी, किती पाऊस पडण्याचा संभव आहे याचे गणित मांडले आणि त्यावर विम्याचा हप्ता ठरवला. ठरलेल्या मुदतीत पाऊस ठरल्यापेक्षा कमी किंवा जास्त झाला, की नोंद पाहून पैसे द्यायचे. पंचनामा नाही, अर्ज नाही. आपल्याकडे डाळिंब, संत्रा, आंबा लावणाऱ्यांना हवामानावर आधारित फळपीक विमा ठाऊक आहे. त्याचे तत्त्व हेच.

पहिली काही वर्षे कंपनी सर्वांनाच विमा विकू पाहत होती. बर्फावरचे खेळ भरवणारे, जलसे-समारंभ करणारे, सगळे गिऱ्हाईक. पण हवामानाची खरी झळ कुणाला बसते, हे हळूहळू उमगले. ज्याचे सगळे वर्षच आभाळावर अवलंबून, तो शेतकरी! मग कंपनीने आपला मोहरा शेतीकडे वळवला. २०११ साली नावही बदलून ‘द क्लायमेट कॉर्पोरेशन’ केले. मक्याच्या आणि सोयाबीनच्या मुलखात तिचे काम वाढले.

ऑक्टोबर २०१३ मध्ये ही कंपनी विकली गेल्याची बातमी आली. किंमत सुमारे ९३ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेपाच हजार कोटी रुपयांहून अधिक. सात वर्षांपूर्वी सायकलीच्या दुकानावरून सुचलेल्या कल्पनेची ही किंमत! घेणारी कंपनी होती मोन्सँटो. आपल्याकडे २००२ साली बीटी कापूस आला, तेव्हापासून कापूसवाल्यांना हे नाव परिचयाचे आहे.

मुलगा एवढा धनवान झाला, तर बापाने पेढे वाटायचे. पण फ्रीडबर्गच्या वडिलांनी पहिल्या झटक्याला विचारले, ते त्या कंपनीच्या बदनामीबद्दल. जगाचे भले करायला निघाला होतास ना, मग यांना कशी विकलीस? आमच्या आजीचाच प्रश्न, फक्त मुलूख वेगळा.

फ्रीडबर्गने तो प्रश्न टाळला नाही. आपल्या कामगारांना त्याने लांबलचक पत्र लिहिले आणि त्यात वडिलांचे बोलही सांगितले. त्याचे म्हणणे असे, की मी या कंपनीचा स्वतः अभ्यास केला, तुम्हीही करा. नुसत्या ऐकीव गोष्टींवर मत बनवू नका. तिच्या पसाऱ्यामुळे आपले काम कितीतरी जास्त शेतकऱ्यांपर्यंत जाईल. त्याचे म्हणणे कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण वडिलांचा प्रश्न लपवून न ठेवता त्याने तो चारचौघांत मांडला, याचे मला मोल वाटते.

पुढे काय झाले, तेही पाहा. ज्या विम्यापासून सुरुवात झाली, तो पीकविम्याचा धंदाच २०१५ साली दुसऱ्या कंपनीला विकून टाकला गेला. मागे राहिले ते माहितीचे काम. पेरणीयंत्र आणि मळणीयंत्र यांवरून कोणत्या तुकड्यात कोणते वाण, किती दाट पेरले, किती उतारा आला, ही माहिती गोळा करून शेतकऱ्याला सल्ला द्यायचा. २०१८ साली मोन्सँटोच जर्मनीच्या बायर कंपनीने विकत घेतली. म्हणजे पाच वर्षांत दावण दोनदा बदलली. ज्या शेतकऱ्याने २०१२ साली पावसाचा विमा घेतला, त्याच्या हे स्वप्नातही नसेल.

बियाणे आणि औषधे विकणाऱ्याला आपल्या शेताचा उतारा तुकड्यागणिक कळणे, ही लहान गोष्ट नव्हे. तिकडचे शेतकरीही सावध झाले. त्यांच्या संघटना आणि या कंपन्या एकत्र बसल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये काही तत्त्वे ठरली. त्यातले मुख्य असे, की शेतावर निपजलेली माहिती शेतकऱ्याच्या मालकीची. क्लायमेट कॉर्पोरेशननेही ती मान्य केली.

आता आपल्याकडे या. मोबाइलवर सल्ला देणारी, औषधे सुचवणारी, माल विकून देणारी कितीतरी ॲप आली आहेत. ती काढणारी मुले हुशार आहेत, बरीचशी शेतकऱ्यांचीच आहेत. त्यांचा उपयोग जरूर करा. धंदा वाढवून विकणे हे पापही नव्हे. पण आपली माहिती देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. माझी कोणती माहिती घेता? ती आणखी कुणाला देता? उद्या मी नको म्हटले, तर ती पुसाल का? उत्तर मिळत नसेल, तर घाई करू नका.

आणि एक काम घरच्या घरी करा. शंभर पानी वही आणि एक पर्जन्यमापक आणा. मंडळातल्या यंत्रापाशी धो धो पाऊस आणि चार किलोमीटरवर धुरळा, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे. म्हणून पावसाची, पेरणीची, खताची आणि उताऱ्याची नोंद स्वतः ठेवा. लेखणी शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती द्या. कंपन्या येतील, विकल्या जातील, नावे बदलतील. ती वही मात्र तुमच्याच फडताळात राहील.