सोयाबीनवरील अळीला एकाच वेळी बुरशी आणि विषाणू: फवारणीआधी काय पाहाल?

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा आला की सोयाबीनवर कीटकनाशक आणि बुरशीनाशक एकाच टाकीत मिसळून फवारण्याची घाई सुरू होते. यंदा पंप भरण्यापूर्वी शेतात चार-पाच ठिकाणी मेलेल्या अळ्या शोधा.

काही अळ्या पानाला चिकटून ताठ झालेल्या, आधी पांढऱ्या आणि नंतर फिकट हिरवी भुकटी आलेल्या दिसतील. ही नोमुरिया रिलेयी बुरशी. तिला आता मेटारायझियम रिलेयी म्हणतात. काही शेंड्याकडे उलट्या लटकलेल्या असतील. हात लावताच कातडी फुटून पातळ द्रव बाहेर येतो. हा एनपीव्ही विषाणू. ढगाळ, दमट हवेत आणि दाटलेल्या पिकात तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीवर (स्पोडोप्टेरा) हे दोन्ही रोग एकाच शेतात दिसू शकतात, कधी एकाच अळीतही.

पण दोन रोग म्हणजे दुप्पट मर, असे गणित नाही. विषाणू पानासोबत पोटात जातो, बुरशी कातडीतून आत शिरते. आधी कोण शिरले यावर बरेच ठरते. विषाणूला वाढायला अळीच्या जिवंत पेशी लागतात. बुरशीने अळी लवकर मारली तर त्याची वाढ अपुरी राहते आणि पुढच्या अळ्यांसाठी शेतात कमी विषाणू उरतो. उलट विषाणू पुढे गेला तर अळीचा द्रव होतो, बुरशीला भुकटी धरायला शरीरच उरत नाही. म्हणून बाहेरून एकच रोग दिसला तरी आत दुसरा नव्हताच, असे म्हणता येत नाही.

इथे खरी अडचण बुरशीनाशकाची आहे. ते पिकावरील रोगाबरोबर अळीवरची बुरशीही दाबते. विषाणूला सहसा फारसा धक्का लागत नाही. तांबेरा किंवा शेंगा करपा खरोखर असेल तर फवारा. केवळ ‘पीक हिरवेगार राहते’ म्हणून टाकीत बुरशीनाशक घालणे मला तरी परवडणारे वाटत नाही.

मात्र रोगावर विसंबून बसूही नका. रोगट अळी मरेपर्यंत काही दिवस थोडेफार खातेच, आणि पावसाने उघडीप दिली की बुरशी मंदावते. मोजताना फक्त जिवंत, चपळ अळ्या धरा. फुलोऱ्यापूर्वी मीटरभर ओळीत अशा ३ ते ४ लहान अळ्या असतील तर थांबू नका. कमी असतील तर जाळीदार झालेली पाने अळ्यांसकट तोडून नष्ट करा आणि २-३ दिवसांनी पुन्हा मोजा. एनपीव्ही फवारायचाच असेल तर संध्याकाळी. कडक उन्हात तो लवकर निकामी होतो.