थोरियम : संपत्ती वाळूत, वीज मात्र दूर

अणुऊर्जेचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करणारा 'शांती' कायदा संसदेने डिसेंबर २०२५मध्ये संमत केला. १९६२चा अणुऊर्जा कायदा आणि २०१०चा अणुदायित्व कायदा त्यामुळे इतिहासजमा झाले. २०४७पर्यंत अणुवीजनिर्मितीची क्षमता एक लाख मेगावॅटवर नेण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात जाहीर केले होते. २०२५मध्ये ही क्षमता होती जेमतेम ८,८०० मेगावॅट. एवढी मोठी झेप घ्यायची तर इंधन कोठून आणणार, हा प्रश्न ओघानेच आला आणि त्यापाठोपाठ थोरियमचे नावही चर्चेत आले. 'आपल्या किनाऱ्यांवर थोरियमचे प्रचंड साठे असताना परदेशांतून युरेनियम कशाला आणायचे?' असा सवाल अनेकजण करतात. सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र राजकारणापेक्षा या धातूच्या स्वभावात अधिक दडले आहे.

थोरियम हा चंदेरी रंगाचा, शिशाहून थोडा जड असा किरणोत्सारी धातू. त्याचा अणुक्रमांक ९०. नॉर्वेतील एका बेटावर सापडलेल्या काळ्या खनिजातून स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी तो शोधला आणि थॉर या नॉर्स देवाचे नाव त्याला दिले. तो किरणोत्सारी असल्याचे १८९८मध्ये गेरहार्ट श्मिट आणि मेरी क्युरी यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. तोपर्यंत हा धातू घराघरांत उजेड पाडू लागला होता. गॅसबत्तीच्या जाळीत ९९ टक्के थोरियम ऑक्साइड असे. लग्नाच्या वरातीत पेट्रोमॅक्सच्या बत्त्या पाहिलेल्या पिढीने थोरियमचा प्रकाश नकळत अनुभवला आहे. या ऑक्साइडचा वितळणबिंदू ३,३०० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. ज्योतीत जाळी टिकत असे ती त्यामुळेच, आणि हाच गुण अणुभट्टीतील इंधन म्हणूनही मोलाचा ठरतो.

त्रावणकोरची वाळू

भारताचा थोरियमशी संबंध आला तोही या गॅसबत्तीमुळेच. त्रावणकोर संस्थानातून जर्मनीत गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोम्बर्ग या रसायनतज्ज्ञाला १९०९मध्ये मोनाझाइट हे खनिज आढळले. थोरियमबरोबरच निओडिमियमसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये या खनिजात असतात. स्वातंत्र्यानंतर १९५०मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. केरळातील चवरा, तामिळनाडूतील मनवलकुरिची आणि ओडिशातील छत्रपूर येथे ती किनाऱ्यावरची वाळू उपसून खनिजे वेगळी करते. अणुखनिज संचालनालयाच्या अंदाजानुसार देशात सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनाझाइट आहे. त्यात आंध्र प्रदेशाचा वाटा सर्वाधिक. महाराष्ट्राचेही नाव या यादीत आहे, पण आपल्या किनाऱ्याचा वाटा नगण्यच. भारतीय मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइडचे प्रमाण साधारण नऊ टक्के असते. म्हणजे दहा लाख टनांहून अधिक थोरियम ऑक्साइड आपल्या पदरी आहे. जगात फार थोड्या देशांकडे एवढी संपत्ती आहे.

केरळच्या करुनागपल्ली भागात या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सार सरासरीच्या कित्येक पट आहे. तेथील रहिवाशांचा दीर्घकालीन अभ्यास तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने केला. या किरणोत्सारामुळे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले नाही. मात्र थोरियम सर्वथा निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. १९३० ते १९५०च्या दशकांत क्ष-किरण तपासणीसाठी 'थोरोट्रास्ट' हे थोरियमयुक्त द्रावण रुग्णांना टोचले जाई. ते यकृतात कायमचे साचून राही आणि कित्येक वर्षांनी अनेकांना यकृताचा कर्करोग झाला. वाळूतील थोरियम वेगळे आणि शरीरात शिरलेले वेगळे, हा भेद खाणकामाच्या धोरणात विसरून चालणार नाही.

समस्थानिकांचे गणित

निसर्गात सापडणारे थोरियम जवळजवळ संपूर्णपणे थोरियम-२३२ या एकाच समस्थानिकाचे असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,४०५ कोटी वर्षे आहे. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे मानले जाते, हे लक्षात घेता या धातूचा ऱ्हास किती संथ आहे याची कल्पना यावी. थोरियमचे इतर समस्थानिक अल्पायुषी आणि अत्यल्प, पण कामाचे आहेत. थोरियम-२३० सागरतळाचा गाळ आणि प्रवाळ यांचे वय ठरवण्यास उपयोगी पडतो. थोरियम-२२९पासून कर्करोगावरील उपचारांत आशादायक ठरलेले ॲक्टिनियम-२२५ मिळते. याच समस्थानिकाच्या अणुकेंद्रकाला लेसरने उत्तेजित करण्यात २०२४मध्ये यश आले आणि अतिअचूक 'अणुकेंद्रकीय घड्याळा'चा मार्ग खुला झाला.

विजेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो थोरियम-२३२, आणि नेमकी तिथेच मेख आहे. तो विखंडनशील नाही. नैसर्गिक युरेनियमच्या एका टनात सुमारे सात किलो युरेनियम-२३५ असते. तेवढ्यावर जड पाण्याच्या अणुभट्टीत शृंखला अभिक्रिया चालू राहते. थोरियमच्या कितीही मोठ्या ढिगात अशी ठिणगी नाही. त्याने बाहेरून एक न्यूट्रॉन शोषला की त्याचे थोरियम-२३३ होते. सुमारे २२ मिनिटांच्या अर्धायुष्याने त्याचे रूपांतर प्रोटॅक्टिनियम-२३३मध्ये, आणि पुढे २७ दिवसांच्या अर्धायुष्याने युरेनियम-२३३मध्ये होते. हा युरेनियम-२३३ मात्र उत्तम विखंडनशील इंधन आहे. मंद न्यूट्रॉनच्या अणुभट्टीत शोषलेल्या प्रत्येक न्यूट्रॉनमागे तो सरासरी सव्वादोनहून अधिक न्यूट्रॉन देतो. एक अभिक्रिया पुढे नेण्यासाठी, दुसरा नव्या थोरियमच्या रूपांतरासाठी, आणि उरलेल्या अपूर्णांकात गळती भागवायची, असा हा काटेकोर हिशेब आहे.

थोडक्यात, थोरियम हे सरपण आहे, पण ओले. ते पेटवण्यासाठी आधी दुसरी आग लागते. भारताचा खरा तुटवडा थोरियमचा नसून या पहिल्या आगीचा, म्हणजे विखंडनशील द्रव्याचा आहे.

तीन टप्पे आणि सत्तर वर्षे

डॉ. होमी भाभा यांनी हे १९५४मध्येच ओळखले होते. त्यांनी मांडलेल्या त्रिस्तरीय कार्यक्रमात पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमवरील जड पाण्याच्या अणुभट्ट्या, दुसऱ्या टप्प्यात त्यांच्या वापरलेल्या इंधनातून मिळणाऱ्या प्लुटोनियमवर चालणाऱ्या जलद प्रजनक अणुभट्ट्या आणि तिसऱ्या टप्प्यात थोरियम-युरेनियम २३३ अशी मांडणी होती. दुसऱ्या टप्प्यातील अणुभट्ट्या जळते त्याहून अधिक इंधन तयार करतील आणि त्या पुरेशा वाढल्या की थोरियमचा काळ येईल, हा त्यामागचा तर्क.

तर्क पक्का होता, वेग मात्र कमी पडला. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८४मध्ये 'पूर्णिमा-२' ही युरेनियम-२३३वरील प्रायोगिक अणुभट्टी चालली. कल्पाक्कमची 'कामिनी' १९९६पासून याच इंधनावर चालली, पण तिची क्षमता अवघी ३० किलोवॅट. तीनशे मेगावॅटच्या प्रगत जड पाण्याच्या अणुभट्टीचा आराखडा ट्रॉम्बेत तयार झाला, तो मात्र कागदावरच राहिला. दुसऱ्या टप्प्याची नांदी ठरणाऱ्या कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅट प्रजनक अणुभट्टीचे बांधकाम २००४मध्ये सुरू झाले. २०१०मध्ये ती पूर्ण व्हायची होती. तिच्या गाभ्यात घटक भरण्याचा प्रारंभ झाला तो मार्च २०२४मध्ये. एका अणुभट्टीला वीस वर्षे लागत असतील तर त्यांची साखळी उभारून तिसरा टप्पा गाठायला किती काळ लागेल, हा प्रश्न टाळता येणार नाही.

विलंबाला आणखी एक कारण आहे. २००८मध्ये अणुपुरवठादार देशांनी भारताला सवलत दिल्यावर कझाकस्तान, रशिया, कॅनडा येथून युरेनियम मिळू लागले. टंचाई सरली, तशी थोरियमची निकडही ओसरली. अन्य देशांचा अनुभव वेगळा नाही. अमेरिकेने शिपिंगपोर्ट येथे १९७७ ते १९८२ या काळात थोरियमवर वीजनिर्मिती केली आणि जळाले त्याहून किंचित अधिक इंधन तयार होते हेही सिद्ध केले. जर्मनीची तीनशे मेगावॅटची थोरियम अणुभट्टी १९८९मध्ये कायमची बंद झाली. विज्ञान खोटे ठरले नाही. स्वस्त युरेनियमपुढे थोरियमचे अर्थकारण टिकले नाही.

नवे मार्ग, जुनी अडचण

आता दोन नव्या वाटा चर्चेत आहेत. पहिली वाट चीनची. गान्सू प्रांतातील वितळलेल्या क्षारावर चालणाऱ्या दोन मेगावॅट औष्णिक क्षमतेच्या प्रायोगिक अणुभट्टीत थोरियमचे युरेनियममध्ये रूपांतर साधल्याचे चीनने नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केले. दुसरी वाट भारताच्या चालू अणुभट्ट्यांतून जाते. पाच ते वीस टक्के समृद्ध केलेले युरेनियम थोरियममध्ये मिसळून ते आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत वापरावे, असा आग्रह अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी धरला आहे. यामुळे तेवढ्याच इंधनातून अधिक ऊर्जा मिळेल, वापरलेल्या इंधनाचा साठा घटेल आणि दुसऱ्या टप्प्याची वाट न पाहता युरेनियम-२३३ साठू लागेल. मात्र असे समृद्ध युरेनियम व्यापारी प्रमाणावर पुरवणारे देश जगात मोजकेच आहेत. स्वयंपूर्णतेसाठी निवडलेल्या इंधनाची ठिणगी परदेशांतून आणावी लागली, तर परावलंबित्व संपत नाही, केवळ त्याचे रूप बदलते.

मार्ग कोणताही असो, युरेनियम-२३३ वेगळे काढण्याची कसोटी अटळ आहे. या इंधनाबरोबर थोडे युरेनियम-२३२ही तयार होते. त्याच्या ऱ्हासातून निर्माण होणारे थॅलियम-२०८ सुमारे २६ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचे भेदक गॅमा किरण सोडते. अशा इंधनाची चोरी करणे किंवा त्यापासून अस्त्र बनवणे अवघड होते, हा फायदा. पण इंधनकांड्या बनवण्याचे कामही जाड भिंतींआड, दूरनियंत्रित यंत्रांनीच करावे लागते. त्यात थोरियम ऑक्साइड नायट्रिक आम्लात सहज विरघळतही नाही. पुनर्प्रक्रियेचा खर्च वाढतो तो यामुळे.

धोरणाची खरी परीक्षा येथेच आहे. नव्या कायद्याने खासगी कंपन्यांना अणुभट्ट्या उभारता आणि चालवता येतील, पण समृद्धीकरण आणि वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया सरकारकडेच राहणार आहे. कंपन्या साहजिकच वीज विकून लवकर परतावा देणाऱ्या युरेनियम अणुभट्ट्यांकडे वळतील. थोरियमचा परतावा काही दशकांनंतरचा. त्यासाठी पुनर्प्रक्रियेचे मोठे कारखाने, प्रात्यक्षिक अणुभट्टी आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांवर सरकारने स्वतः खर्च केला नाही, तर तो कोणीही करणार नाही. दुसरीकडे, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर चीनने २०२५मध्ये निर्बंध आणल्यापासून मोनाझाइटच्या उत्खननाला जोर आला आहे. या खनिजातून निघणारे थोरियम गोदामांत वाढत जाईल. ते सुरक्षित साठवण्याची आणि किनाऱ्यावरील वस्त्यांना उत्खननाची झळ न पोहोचू देण्याची जबाबदारी आजच अंगावर येते, वीज मात्र उद्याही येत नाही.

तेव्हा थोरियमच्या साठ्यांचे आकडे ऐकून हुरळून जाण्याचे कारण नाही आणि हे स्वप्न मोडीत काढण्याचेही नाही. किती टन वाळू आहे, यापेक्षा किती किलो युरेनियम-२३३ तयार झाले, याचा हिशेब सरकारने दरवर्षी संसदेपुढे ठेवायला हवा. थोरियमच्या मार्गावर आपण खरोखर किती पुढे सरकलो आहोत, हे त्या एका आकड्यावरून कळेल.