रुपयातले दोन आणे

घरी विमान बांधता येते काय, हा प्रश्न आता थट्टेवारी नेण्याजोगा राहिलेला नाही. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते सुटे करून खाली उतरवले आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात पुन्हा जोडून मांडले. पुढल्या वर्षी त्याची सरकारदरबारी नोंदही झाली.

यवतमाळकरांना हा विषय परका नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महागाव तालुक्यातील फुलसावंगीत एका तरुण वेल्डरने स्वतः बांधलेले हेलिकॉप्टर चालवून पाहताना पाते तुटले आणि तो प्राणास मुकला. तिथला दोष पात्याचा, पंखाच्या जुळणीचा नव्हे. पण हुन्नराइतकीच तपासणीची सवय हवी, हे पंखालाही लागू आहेच.

पलंग डुगडुगला तर आपण पायाखाली कागदाची घडी सारतो. पंखाला ती सोय नाही. पंखाची पुढची कड किंचित वर उचललेली असते आणि हा कोन दोन्हीकडे सारखाच हवा. मीटरभर रुंद पंखाला अर्धा अंश म्हणजे जेमतेम नऊ मिलिमीटर. एवढ्याने काय होते? सरळ उड्डाणात पंख वाऱ्याशी दोन-चार अंशांचाच कोन करतो. चारातला अर्धा म्हणजे रुपयातले दोन आणे! मग विमान एका अंगावर कलते आणि वैमानिकाला सारा वेळ दांडा दाबून धरावा लागतो. उतरताना तर खरा धोका. वेग मंदावला की जास्त उचललेला पंख आधी दगा देतो, आणि तेव्हा जमीन जवळ असते.

हत्यारे मात्र गवंड्याचीच. आधी विमानाचे धड पाणसळीत आणावे. ठरलेल्या कोनात तासलेली फळी पंखावर ठेवून तिच्यावर पाणसळ पाहावी. दोन्हीकडे फळी तीच, जागाही तीच. पंखांच्या टोकांवरून ओळंबे सोडून जमिनीवर खडूने खुणा कराव्यात. शेपटीखालच्या मध्यबिंदूपासून दोन्ही खुणांची अंतरे सारखी यावीत. टोकांची उंची पाण्याच्या पारदर्शक नळीने पडताळावी.

ही मापे भर दुपारी घेऊ नयेत. विदर्भाच्या उन्हात एक बाजू तापते, दुसरी सावलीत राहते. पाच मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा पंख वीस अंश सेल्सिअसने जास्त तापला, तर दोन मिलिमीटरहून अधिक वाढतो. पहाटेची वेळ उत्तम.

आणि बोल्टाचे भोक एकदम पुरे पाडू नये. पंख शिकंज्यात धरून आधी बारीक भोक पाडावे, मग घरातल्याच दुसऱ्या कोणाला, आपले आकडे न सांगता, सारी मापे नव्याने घ्यायला लावावे. सौभाग्यवतींचा हिशेब अशा वेळी उपयोगी पडतो! आकडे जुळले नाहीत, तर त्या दिवशी मोठे भोक पाडायचे नाही.