मी बटण दाबलं होतं!



ऑनलाइन खेळताना हे वाक्य एकदाही तोंडातून गेलं नाही, असा खेळाडू मला दाखवाच! टेक्केनची लढत ऐन रंगात आलेली असते. शेवटची फेरी, दोघांचीही शक्ती संपत आलेली. समोरच्याची लाथ येताना तुम्हाला दिसते, तुम्ही वेळेवर मागे सरकता आणि तरीही तुमचाच गडी आडवा! मग सुरू होते आरडाओरड. "लॅग आला, लॅग!" समोरचा मित्र म्हणतो, "हरलास की लॅग, जिंकलास की तुझी हुशारी!" झालं, दोन दिवस अबोला. धाकट्या बहिणीलाही बोलणी बसतात, कारण ती तेव्हा मोबाइलवर कार्टून बघत असते. आणि शेवटी बाबांकडे हट्ट : "आपण जास्त स्पीडचं कनेक्शन घेऊ या ना!"

आज आपण या भांडणाचा निवाडा करू या. निकालाचा अर्धा भाग आधीच सांगून टाकतो. बहुतेक वेळा दोष स्पीडचा नसतोच.

तुम्ही बटण दाबलंत की कन्सोल माहितीचं एक छोटंसं पाकीट तयार करून पाठवतो. ते पलीकडे पोहोचायचं आणि तिकडची बातमी घेऊन उत्तर परत यायचं. या जाण्यायेण्याच्या वेळाला 'पिंग' म्हणतात. तो मोजतात मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. एवढासा वेळ कोण विचारात घेतो, असं वाटेल. पण टेक्केनसारख्या खेळात पडद्यावर एका सेकंदात ६० चित्रं येतात. एक चित्र टिकतं जेमतेम १७ मिलिसेकंद. मग ५० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तीन चित्रं हातची गेली. तेवढ्यात लाथ बसलेली असते!

मग स्पीड म्हणजे काय? एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते, ते माप. समजा, मुंबई-पुणे रस्ता सहापदरीचा आठपदरी केला. एकाच वेळी जास्त गाड्या जातील हे खरं, पण रस्ता मोकळा असेल तर एकट्या गाडीला काय फरक पडणार? तुमच्या खेळाची पाकिटं म्हणजे ती एकटी गाडी. ती अगदी लहान असतात, त्यांना रुंद रस्ता नको असतो. त्यांना वेळेवर पोहोचायचं असतं.

आणि इथे खरी मेख आहे. थोडा पण नेहमी सारखा असलेला उशीर आपण सोसू शकतो. शाळेत लेझीम खेळताना आठवा. ताल संथ असला तरी पावलं जुळतात. पण ढोल मध्येच अडखळला, की सगळी रांग कोलमडते. खेळाचंही तसंच. पिंग सतत ४० असेल तर हाताला त्याची सवय होते. पण ४०, ४२, ४१ आणि एकदम १८०, असं झालं की गडी आडवा!

वायफायचा ढोल असा का अडखळतो? कारण हवा सगळ्यांची सामाईक. एका वर्गात तीस मुलं आहेत आणि एका वेळी एकानेच बोलायचं, असा नियम आहे असं समजा. वायफायवरचं प्रत्येक यंत्र आधी कान देऊन ऐकतं, कोणी बोलतंय का? शांतता असेल तर आणखी थोडा वेळ थांबतं आणि मग बोलतं. हा थोडा वेळ किती, ते जणू चिठ्ठी काढून ठरतं, म्हणजे दोघं एकदम सुरू होत नाहीत. तरीही कधी दोघांची गाठ पडतेच. पाकीट पोहोचल्याची पोच आली नाही, तर तेच पाकीट पुन्हा पाठवायचं. हे सगळं होतं डोळ्याचं पातं लवायच्या आत, पण दर वेळी सारख्याच वेळात होईल याची हमी नाही.

या वर्गात तुमच्याच घरची मंडळी नसतात बरं का! शेजाऱ्यांचा राउटर त्याच चॅनेलवर असेल, तर तुमची यंत्रं त्यांच्याही यंत्रांसाठी थांबतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह चालतो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर आणि वायफायचा जुना पट्टाही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास. मायक्रोवेव्ह हा वर्गातला दंगेखोर. तो रांग वगैरे काही पाळत नाही. त्यात आपल्या विटांच्या आणि सिमेंटच्या भिंती मध्ये आल्या, की आवाज आणखी क्षीण होतो.

वायरीत यातलं काहीच नाही. राउटरपासून कन्सोलपर्यंतची लॅन केबल म्हणजे दोघांमधली खाजगी वाट. तिच्यावर जाणं आणि येणं एकाच वेळी चालतं. कोणासाठी थांबायचं नाही, चिठ्ठी काढायची नाही. "पण वायर लांब असली तर उशीर होईल ना?" असं तुम्ही विचाराल. गणित करून बघू. तांब्याच्या तारेतून संदेश सेकंदाला ढोबळमानाने दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. मग २० मीटर वायर पार करायला लागतो सेकंदाचा एक कोटीवा भाग! त्याची काळजी सोडून द्या.

यातली गंमत पुढेच आहे. ही वायरची पद्धत शिकली कोणाकडून? वायरलेसकडून! हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये 'अलोहानेट' सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रं एकाच रेडिओ-वाटेने बोलायची. दोन संदेश आपटले, तर थोडं थांबून पुन्हा पाठवायचे. ही कल्पना वाचून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत ती तारेवर आणली आणि तिला नाव दिलं 'इथरनेट'. सुरुवातीला इथरनेटच्या तारेवरही सगळ्यांची गर्दी असायची. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र वाट मिळाली आणि टक्करच संपली. हवेचे मात्र असे तुकडे करून वाटता येत नाहीत!

आता एक गोष्ट जरा मनावर घ्या. लढतीच्या खेळांत बऱ्याचदा मध्ये कंपनीचा मोठा संगणक नसतो. दोघांचे कन्सोल थेट एकमेकांशी बोलतात. म्हणजे तुमचं पाकीट अडखळलं, तर समोरच्याचाही खेळ अडखळतो. तुमच्या लॅगमुळे तो हरू शकतो आणि त्याला वाटतं, आपलाच हात चुकला! म्हणूनच 'टेक्केन ७' मध्ये नंतर एक सोय आली. समोरचा वायरवर आहे की वायफायवर, ते खूण बघून कळतं. वायफायची खूण दिसली की खेळायला नकार देणारेही आहेत. तेव्हा वायर लावणं ही नुसती जिंकण्याची युक्ती नाही, तो समोरच्याला दिलेला मान आहे. पंगतीला येताना आपण हात धुऊन येतो ना, तसंच!

पण वायर म्हणजे जादूची कांडी नव्हे. ती फक्त घरातला अडथळा दूर करते. घराबाहेरचा रस्ता तोच राहतो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश धावतो तोही सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. म्हणजे तिथल्या संगणकाशी खेळताना जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद लागणारच. कितीही पैसे मोजा, प्रकाशाला घाई करता येत नाही. दुसरं, घरात कोणी मोठा व्हिडिओ पाठवत असेल किंवा नवा खेळ उतरवून घेत असेल, तर राउटरपाशी पाकिटांची रांग लागते. त्या रांगेत वायरवाल्यालाही उभं राहावं लागतं. आणि कधी कधी उशीर इंटरनेटचा नसतोच, टीव्हीचा असतो! चित्र सुंदर करायला टीव्ही वेळ घेतो. त्याचा 'गेम मोड' चालू केला, की हा उशीर कमी होतो.

या आठवड्याचा प्रयोग

वायर विकत घेण्याआधी खात्री करा. लॅपटॉप घेऊन कन्सोलजवळ बसा. संगणकात 'पिंग' नावाची एक आज्ञा असते. तिच्यापुढे राउटरचा पत्ता लिहायचा. तो बहुधा राउटरला चिकटवलेल्या कागदावर असतो. संगणक राउटरला हाक मारतो आणि 'ओ' यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. विंडोजवर एका वेळी चार हाका जातात. संध्याकाळी, सगळे घरी असताना, दहा वेळा करा आणि चाळीस आकडे वहीत लिहा. सरासरीपेक्षा सगळ्यात मोठ्या आकड्याकडे बघा. सगळे आकडे लहान आणि जवळजवळ सारखे आले, तर घरचं वायफाय निर्दोष आहे, वायरचे पैसे वाचवा. मधूनच मोठे आकडे उसळले, तर चोर सापडला!

आईबाबांसाठी दोन शब्द

मोठा प्लॅन घेण्याआधी हा प्रयोग मुलांना जरूर करू द्या. वायर लागलीच, तर 'कॅट ५ ई' किंवा 'कॅट ६' प्रकारची साधी केबल पुरते. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या कन्सोलना मागे लॅनची जागा आहे. २०१७ च्या निन्टेन्डो स्विचच्या डॉकला ती नव्हती, त्याला वेगळा अडॅप्टर लागतो. २०२१ च्या ओलेड स्विचच्या डॉकला मात्र ती आहे. केबल दारातून मोकळी सोडू नका, आजी-आजोबांचा पाय अडकतो. भिंतीच्या कडेने न्या, विजेच्या तारांच्या पाइपात घालू नका आणि गच्चीवरून उघड्यावरही नेऊ नका. पावसाळ्यात विजा कडाडतात! वायर नेणं शक्यच नसेल, तर राउटर कपाटातून काढून उंच, मोकळ्या जागी ठेवा आणि कन्सोल जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा. तिथे गर्दी कमी असते, मात्र भिंतीपलीकडे तो लवकर दमतो.

तर दोस्तांनो, पुढच्या वेळी "मी बटण दाबलं होतं!" असं ओरडण्याआधी वही काढा. आकडे म्हणाले की लॅग होता, तर मित्राला ते दाखवा. आणि आकडे म्हणाले की लॅग नव्हता, तर? तर हसून हात मिळवा, "छान खेळलास" म्हणा आणि बहिणीची माफी मागायला विसरू नका!

तुमचे चाळीस आकडे आम्हाला जरूर कळवा. भेटू या पुढच्या आठवड्यात!