जामीनदाराची सही करण्याआधी: राळेगणसिद्धीच्या ग्रामस्थांना जाहीर आवाहन



ट्रॅक्टर घ्यायचा असो, कांदाचाळ बांधायची असो की दोन गाई आणायच्या असोत, पतसंस्था जामीनदार मागते. मग कर्ज घेणारा आधी भावकीत फिरतो, नंतर मित्रांत. “नुसती सही तर करायचीय,” एवढ्यावर काम होतं. नाही म्हणावं तर उद्या पारावर तोंड कसं दाखवायचं?

श्रमदानातून बंधारे उभे करणारं हे गाव. मदतीला मागे सरायची आपल्याला सवय नाही. पण श्रमदान त्या दिवशीच संपतं. जामीनकीची सही कर्जाचा शेवटचा रुपया फिटेपर्यंत सुटत नाही.

1872च्या भारतीय करार कायद्याचं कलम 128 सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. “आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या” असं म्हणायची सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1968मध्येच तसा निकाल दिला आहे. आणि वसुली करणाराही माणूसच: कर्जदार गाव सोडून गेला असेल, तर वसुलीवाला पगारदार किंवा विहीर-बागायत असलेल्या जामीनदाराच्याच दारात गाडी लावणार.

सहकारी संस्था सहकार कायद्याच्या कलम 101खाली वसुली दाखला मागते, त्यात जामीनदाराचंही नाव असतं. या दाखल्याच्या सुनावणीची नोटीस आली की बरेचजण घडी करून देव्हाऱ्यामागे ठेवतात. तसं करू नका. सुनावणीला जा, म्हणणं लेखी द्या. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध कलम 154खाली दाद मागायची, तर वसुलीची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तोवर जमिनीवर जप्तीची नोंद चढायची वेळ आलेली असते. हप्ते थकले तर सिबिलवर जामीनदाराचंही नाव खराब होऊ शकतं, मग स्वतःच्या मुलीच्या शिक्षणाचं कर्जही अडतं.

कागदाची ही ताकद आपल्या तालुक्याला नवी नाही. 1875च्या दख्खनच्या दंग्यात पारनेर भागातल्या शेतकऱ्यांचा राग सावकाराच्या रोख्यांवर होता, म्हणून ते जाळले गेले. आता तर जाळूनही उपयोग नाही, नोंद संगणकात असते.

खरी मेख साखळी जामीनकीत आहे. तू माझा जामीन, मी तुझा, तिसरा आपल्या दोघांचा. ज्या वर्षी कांद्याचा भाव पडतो, त्या वर्षी तो तिघांचाही पडतो. पाऊस चुकतो तो सगळ्या शिवारात. म्हणजे आधार द्यायची वेळ येते तेव्हा आधार देणाराच पडलेला असतो. आपल्या गावच्या धान्य बँकेत देणाऱ्याला आपण किती धान्य दिलं ते ठाऊक असायचं. जामीनकीतही तसंच माप ठेवा: उद्या पूर्ण रक्कम आपल्यालाच भरावी लागली, तर जमीन न विकता भरता येईल तेवढ्याच कर्जाला सही करा. जमत नसेल तर सरळ नाही म्हणा. हाताशी असतील ते चार पैसे उसने दिलेले परवडतात.

सही करायचीच असेल, तर घरधनिणीला विचारून करा. रक्कम, व्याज, मुदत यांचे रकाने कोरे असतील तर पेन खाली ठेवा. कोरा धनादेश देऊ नका. जामीनपत्राची प्रत हातात पडल्याशिवाय संस्थेतून उठू नका. हप्ते जातात का, हे कर्जदाराला अधूनमधून विचारत जा, त्याला राग आला तरी. त्याच्या वतीने पैसे भरावे लागले, तर पावती स्वतःच्या नावाने घ्या. करार कायद्याच्या कलम 145प्रमाणे ते त्याच्याकडून मागायचा हक्क तुम्हाला आहे, पण पुरावा लागतो.

आणि कर्ज काढणाऱ्यांनो, कुणी नकार दिला तर त्याच्या घरचं लग्नकार्य टाळू नका.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, अशी मागणी सगळ्यांनी मिळून करू. येताना आपापल्या जामीनपत्राची प्रत आणा. प्रत नसेल त्यांनी संस्थेकडे आजच लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

आपला,
एक ग्रामस्थ